वाकड्या डोळ्याचा मासा

लासेनी फामांताशी माझं भांडण सत्तावीस वर्षं चाललं आणि त्यातला एकही दिवस मी वाया जाऊ दिला नाही. मालीतल्या बामाकोच्या आमच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये मी तिकिटाच्या खिडकीत बसायची आणि तो तिसऱ्या दालनात पहाऱ्याला असायचा. मी डोगोन, म्हणजे कड्याकपारीतली, बाजरी पिकवणारी, कांदे कुटून त्यांचे गोळे वाळवणारी. तो बोझो, नदीवरचा, मासे धरणारा. एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. भेटलो की एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचा, आणि ज्याला राग येईल त्याची गावभर छीथू. एकमेकांत लग्न करायचं नाही आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. कुठल्याशा दुष्काळात एका बोझोनं भुकेनं मरायला टेकलेल्या डोगोन पोराला स्वतःच्या मांडीचं मांस कापून खाऊ घातलं, तेव्हापासूनचं हे आहे म्हणतात. लासेनी ती मांडी दिवसातून दोनदा तरी काढायचा.

"आलीस का गं, कांद्याच्या गोळ्या? आमची मांडी खाऊन उभी राहिली तुमची जात, आणि कामावर यायला उशीर!"

"ती मांडी कच्ची होती रे, माशा. अजून शेवाळाचे ढेकर येतात."

"याकेने गिंदो, तुझ्या आज्यानं पाणी बघून धोतर सोडलं होतं, माहीत आहे का?"

"तुझ्या आज्याला धोतरच नव्हतं, जाळं गुंडाळून फिरायचा."

एकदा एक परदेशी पाहुणा आमचं हे ऐकून घाबरला आणि दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता हाणामारी होणार. लासेनीनं त्याला हाताला धरून बाकावर बसवलं, चहाचा पेला दिला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "घाबरू नका, ती चावत नाही. दात आमच्या मांडीतच राहिले."

दिसायला उंच, काटकुळा. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आलेली, त्यामुळे तो सदा डोळा मारतोय असं नवख्याला वाटे, आणि त्यापायी एकदोन बायकांचे शिव्याशापही त्यानं खाल्ले होते. गणवेश निळा, कडक इस्त्रीचा. इस्त्री तो स्वतः करायचा, बायकोवर सोडायचा नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दालनातल्या लाकडाचं त्याला जे कळायचं ते शिकलेल्यांना कळत नव्हतं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की तो मुखवट्यांच्या पेटीखाली पाण्याची वाडगी ठेवायचा. "लाकूड तहानलंय. कालपासून कुरकुरतंय," म्हणायचा. सगळे हसायचे. पुढे हवेतली ओल मोजायचं यंत्र आलं, तेव्हा यंत्र आणणाऱ्या बाईंनीच ती वाडगी तशीच राहू द्या म्हणून सांगितलं. त्यानंतर आठ दिवस लासेनी माझ्या खिडकीसमोरून मान ताठ करून जायचा.

त्या दालनाच्या मधोमध एक मोठा मासा होता. पुरुषभर लांब. डोकं लाकडाचं, अंग वेताच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचं, वर पांढरे-लाल-काळे पट्टे. नदीकाठच्या गावांत मासेमारीचा हंगाम उघडायच्या आधी असली जनावरं चौकात येतात. हरीण येतं, हत्ती येतो, पक्षी येतो, मासा येतो. ढोल वाजतो, बायका टाळ्या वाजवून गातात, आणि जनावर नाचतं. कापडाखाली कोण आहे, डोकं कुणी कोरलं, हे बोलायचं नसतं. जनावर नदीतून आलं आणि नदीत गेलं, बस्स. गावातल्या तरुणांच्या संघात शिरताना पोरं तशी शपथ घेतात आणि मरेपर्यंत पाळतात. बायकांना सगळं माहीत असतं आणि कुठल्याच बाईला काही माहीत नसतं. मी डोंगरातली, पण एवढं मलाही ठाऊक होतं.

लासेनीची खुर्ची त्या माशाच्या उजव्या हाताला, शेपटाकडे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत आत बोलावलं आणि माशापुढच्या पाटीकडे हनुवटी केली.

"वाच."

मी वाचलं. "मासा. नाचातला. नदीकाठ. लाकूड, वेत, कापड, रंग. कारागीर: अज्ञात."

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे कुणी केला ते ठाऊक नाही."

"बरोबर आहे," म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. मी म्हटलं, "का रे, तुझ्या काकाचा फोटो आहे वाटतं?" तर त्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणारा बोझो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पण तेव्हा आमची ओळख नवी होती. म्हटलं, असेल पोट बिघडलेलं.

बामाकोत तो त्याआधी बारातेरा वर्षं होता. बाजारात धुरावर सुकवलेले मासे विकायचा. धंदा बरा चालला होता. एका सणाला म्युझियम सगळ्यांना फुकट असतं, त्या दिवशी तो सहज आत शिरला, आणि पुढच्याच आठवड्यात पहारेकऱ्याची जागा आहे का विचारत दारात येऊन उभा राहिला. जागा नव्हती. सात महिने दर सोमवारी येऊन विचारत राहिला. शेवटी जुन्या साहेबांनी कंटाळून त्याला ठेवून घेतलं. चांगला धंदा सोडून हा इथं दिवसभर खुर्चीवर का येऊन बसला, हे कुणाला कळलं नाही. मी तर तोंडावर सांगायची, "माशांनीच हाकलला असेल, वास सहन होईना म्हणून."

अकराव्या वर्षी भिंतींना रंग द्यायचा होता म्हणून तिसरं दालन रिकामं करत होते. मासा उचलायला चौघं लागले. लासेनी डोक्याच्या बाजूला. मी दाराचा पडदा धरून उभी होते. उंबऱ्यात मागच्या माणसाचा पाय अडखळला, मासा एका अंगाला कलंडला, आणि तो सावरायला लासेनीचा हात कापडाखाली आत गेला. तो चाचपडला नाही. सरळ आत गेला, आपल्या घरातला दिव्याचा खटका अंधारात सापडावा तसा. आणि माशाचं तोंड उघडलं. खालचा जबडा खाली आला, पुन्हा वर गेला, टक् असा आवाज झाला. म्युझियममध्ये तो मासा इतकी वर्षं होता, दोनदा त्याची डागडुजी झाली होती, पण त्याचं तोंड उघडतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाकीचे तिघं ओझ्याखाली वाकलेले, त्यांना काही दिसलं नाही. लासेनीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तू काही पाहिलं नाहीस," तो हळू म्हणाला.

"मी काय पाहणार? डोगोन बाई मी. पाण्यातलं मला दिसत नाही."

हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. पण मला आपलं कळून चुकलं की हा माणूस ह्या माशाच्या पोटात नाचलेला आहे.

उरलेलं त्याच्या आईनं सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, तिच्या तोंडून गेलं. कुंबा आजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली होती. पट्टी निघाली आणि तिनं हट्ट धरला की लेक काम करतो ती जागा बघायची. लासेनी काही ना काही कारणं काढून टाळत होता. एक दिवस सून घेऊन आली तिला. लासेनी त्या वेळी मागच्या अंगणात नळावर होता आणि सून दारातच ओळखीच्या बाईशी बोलत उभी राहिली. मी म्हातारीचा हात धरून आत नेलं. मुखवटे, विणलेली वस्त्रं, जुने घडे, सगळ्याला ती "हं, हं" करत पुढे सरकली. माशापुढे आली आणि थांबली. नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिली. मग एकदम खेकसली.

"लासेनीच्या बापा! अजून डावा डोळा वाकडाच ठेवलास ना? तेव्हाच सांगत होते, नीट कर, लोक हसतील. म्हणे माझाच डोळा आहे, असाच राहू दे!"

आणि तिनं जीभ चावली. पदर तोंडावर गेला. बाईनं जे बोलू नये ते ती बोलली होती. मी खाली वाकून माशाचं तोंड पाहिलं. डावा डोळा खरंच उजव्यापेक्षा जरा खाली होता. वरची कड झुकलेली. तोच डोळा लासेनीच्या तोंडावर होता, सोळा वर्षं मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

म्हातारी मग बाकावर बसली आणि मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "पोरी, एक माणूस होता. कुठला ते विचारू नकोस. त्यानं एकदा तीन महिने रात्री जेवायला उशीर केला, अंगाला लाकडाचा भुसा घेऊन यायचा. कुठे होतास म्हटलं तर म्हणायचा, जाळं दुरुस्त करत होतो. मग हंगामाला एक मासा चौकात आला. सगळ्या बायका गात होत्या, त्याची बायकोही गात होती. पुढे तो माणूस ताप येऊन गेला. माशाच्या डोक्याखाली शिरायला दुसरा कुणी तयार होईना. शहरातून माणसं आली तेव्हा गावानं मासा देऊन टाकला. त्याच्या पोराला विचारलंसुद्धा नाही, कारण त्याचा काही संबंध आहे असं म्हणता येत नव्हतं."

"पोरगा किती वर्षांचा होता, आजी?"

"अठरा. शेपटाकडे नाचायचा." आणि पुन्हा पदर तोंडावर. "कोण ते मला माहीत नाही."

त्यानंतर मी लासेनीशी आणखी जोरात भांडायला लागले. माया आली की मला दुसरं काही सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी कुंबा आजी गेली. आणि गेल्या वर्षी फिली सिसोको ही नवी विभागप्रमुख आली. वयानं लहान, हुशार, चालायची धावल्यासारखी. वाईट मुळीच नव्हती, पण तिला सगळं लिहिलेलं पाहिजे असायचं. तिसरं दालन नव्यानं मांडायचं ठरलं. फिलीनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "नव्या दालनात प्रत्येक वस्तूची गोष्ट असेल. कुठली, कुणी केली, का केली. 'अज्ञात' लिहिलेल्या पाट्या मला नकोत. ज्यांचं काहीच माहीत नाही त्या वस्तू सध्या खाली कोठारात जातील." मासा त्या यादीत होता. दालन उघडणार नव्या वर्षात, आणि लासेनी निवृत्त होणार डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी.

मी हिशेब केला. लासेनी घरी जाणार, मासा कोठारात जाणार. हा मासा कुणाचा हे माझ्याखेरीज इथं ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता आणि तो तोंड उघडणार नव्हता. सिनाली फामांता हे नाव मला माहीत होतं, कारण लासेनीचा सरकारी फॉर्म दरवर्षी मीच भरायची. बापाचं नाव: सिनाली. दरवर्षी तो दोनदा खात्री करून घ्यायचा की मी बरोबर लिहिलंय.

मी त्याला म्हटलं, "सांग ना फिलीला. तू म्हातारा झालास, तुझा संघ म्हातारा झाला. कोण विचारतंय आता?"

"शपथ म्हातारी होत नसते," तो म्हणाला. "तुझं काम बघ."

"मग जाऊ दे मासा कोठारात?"

त्यानं खिशातून कोलाचं कडू बी, आमच्याकडची सुपारीच म्हणा, काढलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः चघळत बसला. मग म्हणाला, "तिथं दमट असतं. कापड कुजेल." बस्स, एवढंच. पण त्याच्या डोळ्यांत जे पाहिलं ते मला बघवलं नाही.

आणि मग मी मूर्खपणा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कागदावर लिहिलं, "मासा सिनाली फामांतानं केला, लासेनीच्या बापानं," आणि फिलीच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, मी सांगितलं म्हणजे त्यानं सांगितलं असं होत नाही, शपथ शाबूत राहील. अक्कल गहाण ठेवली होती मी.

फिलीला आनंद झाला. तिनं ताबडतोब लासेनीला बोलावून घेतलं. चार माणसं खोलीत होती, मीही दारात होते. तिनं अगदी आदरानं, उभं राहून विचारलं, "काका, हा मासा तुमच्या वडिलांनी केला का?"

लासेनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी काढून हातात घेतली.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या बापाचा ह्या माशाशी काही संबंध नाही."

सत्तावीस वर्षं तो गप्प होता, पण खोटं कधी बोलला नव्हता. मी त्याला चारचौघांत बाप नाकारायला लावला. असा सरळ प्रश्न आला की शपथ घेतलेल्या माणसाला दुसरं उत्तरच नसतं. आणि तो प्रश्न मीच आणून त्याच्यापुढे ठेवला होता.

त्यानंतर नऊ दिवस लासेनी मला काही बोलला नाही. म्हणजे बोलायचा. "नमस्कार, मादाम गिंदो." "बऱ्या आहात ना, मादाम गिंदो." मादाम! मी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या आजोबाचा उद्धार केला, त्याच्या चहात मासा पोहतोय म्हटलं, तो नम्रपणे मान हलवून पुढे जायचा. आमच्यात थट्टा थांबली की समजायचं, माणूस गेला आपल्यातून. मला जेवण जाईना. घरी नवऱ्यानं विचारलं, कोण वारलं?

नवव्या दिवशी दुपारी मी रिकाम्या खिडकीत बसले होते आणि मला माझ्याच डोक्यात एक मारावीशी वाटली. जे थट्टेत सांगायचं ते मी कागदावर लिहून दिलं होतं! कागदाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. थट्टेला कुणी हो-नाही म्हणत नाही, थट्टेला थट्टाच परत देतात. ही हत्यारं आमच्या बापजाद्यांनी आमच्या हातात देऊन ठेवलेली, आणि मी गेले होते पेन घेऊन.

शेवटचा शुक्रवार आला. अंगणात निंबाखाली चटया टाकल्या. भात, तळलेले मासे, कांद्याचा रस्सा. मासे मी तळून आणले होते, पहाटे उठून. मोठे साहेब बोलले, लासेनीनं सत्तावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा दिला म्हणाले. त्याला नव्या झग्याचं निळं कापड दिलं. लासेनी मान खाली घालून बसला होता. कुणीतरी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का?

मी उठले. लासेनीची टोपी त्याच्या डोक्यावरून उचलली आणि माझ्या डोक्यावर उलटी घातली. आमच्या थट्टेच्या नातेवाइकाला कुणी अडवत नाही. मयताच्या खड्ड्यात उतरून हट्ट धरला तरी त्याला काही म्हणत नाहीत. मी डावी पापणी खाली पाडली, ताठ झाले आणि त्याच्यासारखी लांब ढांगा टाकत चालायला लागले. लोक हसायला लागले. मी तशीच चालत तिसऱ्या दालनात शिरले, आणि सगळी मंडळी हातात ताटं घेऊन माझ्यामागे आली. लासेनीही आला. यावंच लागतं.

मासा मधोमध होता, कोठारात न्यायला दोऱ्या बांधून तयार.

"ऐका हो!" मी ओरडले. "साहेब म्हणाले, ह्यानं पहारा दिला. साफ खोटं! हा माणूस सत्तावीस वर्षं इथं झोपा काढत होता. कुठे? बापाच्या सावलीत! ह्या माशाचा डावा डोळा बघा. बघितला? आता ह्या बोझोचा डावा डोळा बघा! ह्यांच्या अख्ख्या घराण्यात एक डोळा सरळ नाही. सिनाली फामांतानं मासा कोरायला घेतला आणि बसवला त्यावर स्वतःचाच वाकडा डोळा! बायको सांगत होती, नीट कर, लोक हसतील. ऐकलं का? बोझो बायकोचं ऐकतो होय! आणि हा पोरगा तेव्हा शेपटाकडे नाचायचा, अजून शेपटाकडेच बसलाय. बापलेकांनी मिळून हे फुकटचं घर धरून ठेवलंय!"

हशा पिकला. आणि मग हसू हळूहळू थांबलं. लोक माशाकडे बघत होते, मग लासेनीकडे, मग पुन्हा माशाकडे. तो पाठ फिरवून गेला असता तर सगळं संपलं असतं. मग मासा कोठारात आणि तो गावात, आणि मी त्या खिडकीत आणखी सहा वर्षं.

लासेनी पुढे आला. टोपी माझ्या डोक्यावरून काढली, झटकली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कांदा," तो म्हणाला. "धुवायला टाकावी लागणार." मग मंडळींकडे वळला. "लोकहो, चूक आमच्या लोकांची आहे. दुष्काळात हिच्या आज्याला मांडी खाऊ घातली, ते ठीक. पण त्याच्या तोंडात जीभ राहू दिली! ती जीभ आता हिच्या तोंडात आहे आणि बघा काय काय बोलते. जिला मासा आणि वहाण यातला फरक कळत नाही ती माशाचे डोळे तपासते!"

लोक पुन्हा हसले, पण कुणाचंच लक्ष हसण्यात नव्हतं. तो 'नाही' म्हणाला नव्हता. सगळ्यांना ते ऐकू आलं. फिली सिसोकोनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघून डोळे वटारले. ती आमचीच पोरगी शेवटी. तिनं तोंड मिटलं. "मी काही विचारत नाही," असं पुटपुटली आणि बाजूला झाली.

एवढ्यात टक् असा आवाज आला. माशाचं तोंड उघडलं होतं. मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, टक् टक् टक्. मासा हसत होता. मोठे साहेब ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले, त्यांना इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. मागून सफाईवाल्या एका बाईनं टाळी धरली, मग दुसरीनं, आणि ज्यांना येत होतं त्या बायकांनी नदीकाठचं गाणं उचललं. त्या वेळी लासेनी कुठे उभा होता ते कुणी पाहिलं नाही. निदान आमच्यातला कुणी पाहिलं असं म्हणणार नाही. मी रडत होते, मला तर काहीच दिसत नव्हतं.

दोऱ्या त्याच संध्याकाळी सोडल्या.

नवं दालन मार्चमध्ये उघडलं. उघडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीसमोर निळा नवा झगा येऊन उभा राहिला.

"एक तिकीट दे गं, कांद्याच्या गोळ्या. आणि दात लपव, गिऱ्हाईकं पळतील."

"मेलेल्या माशांना तिकीट लागत नाही. चल आत."

मी खिडकी बंद केली आणि त्याच्याबरोबर गेले. मासा मधोमध होता, वरून उजेड सोडलेला. पुढे नवी पाटी. लासेनी हात मागे बांधून उभा राहिला आणि पाटीकडे हनुवटी केली.

"वाच."

मी वाचलं. "नदीकाठचा मासा. मासेमारीचा हंगाम उघडताना नाचतो. तोंड उघडतं. कारागीर कोण, हे नदीकाठची माणसं सांगत नाहीत. थट्टेच्या नात्यातले डोगोन मात्र म्हणतात की डावा डोळा सिनाली फामांताच्या घराण्याचा आहे."

त्याची खाली आलेली ती पापणी दोनदा मिटली.

"खोटं," तो म्हणाला. "डोगोनांनी सांगितलेलं सगळं खोटं असतं."

"असतंच," मी म्हटलं.

"परत वाच."